आधी वेळ लिही

प्रिय डॉक्टर,

रविवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा मी जागीच होते, त्यामुळे झोपमोड केली असं वाटून घेऊ नकोस. पण मी तुला नीट उत्तर दिलं नाही. 'उद्या बोलू' म्हणाले आणि दुसरा अख्खा दिवस फोन हातात घेऊन परत ठेवत राहिले. तू जे विचारलंस ते वीसेक वर्षांपूर्वी माझ्यासमोर आलं होतं आणि तेव्हा मी चुकीचं वागले होते. ते फोनवर सांगता आलं नसतं. म्हणून लिहिते आहे.

तुझ्या केंद्रात बाळंत झालेली बाई रेफर केल्यावर वाटेत गेली. गुरुवारी जिल्ह्याला माता मृत्यू अन्वेषणाची बैठक आहे. सिस्टरच्या नोंदीत 'रात्री २.०५, डॉक्टरांना निरोप' असं आहे आणि तू लेबर रूममध्ये पोचलास २.४० ला. मधली पस्तीस मिनिटं उघडी पडली आहेत. वरच्या कुणीतरी तुला सांगितलंय की केस पेपर अजून आपल्याच कपाटात आहे, तुझी नोट २.१० ची कर, सिस्टरशी बोलून घे, 'कागद पूर्ण कर'. आणि तू मला विचारतोस, मॅडम, काय करू?

२.४० लिही. पोचलास ती वेळ लिही.

का, ते आता सांगते. लांबेल. बंधपत्राच्या सरकारी नोकरीचं तुझं हे पहिलंच वर्ष, आणि मला पेन्शन घेऊन आता दुसरा काही उद्योग नाही.

२००४ चा पावसाळा. मी एका ग्रामीण रुग्णालयात होते, कुठल्या ते सोड. नवखी नव्हते, चाळिशीला टेकले होते, म्हणजे 'तेव्हा कळत नव्हतं' ही सबबही मला नाही. सातपुड्यातल्या एका पाड्यावरून चौघांनी झोळीत घालून बाई आणली. चौथी खेप. बाळ घरीच झालेलं, वार आत अडकलेली, रक्त जातंय. दाराशी आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात १.२० झाले होते. हे मला इतकं पक्कं आठवतं कारण पुढचे दोन तास मी दुसरं काही बघितलंच नाही. हात घालून वार काढली, तुकडा राहिला असावा, रक्त थांबेना. रक्तपेढी सत्तर किलोमीटरवर. जीप आवारात उभी, ड्रायव्हर हजर, टाकीत डिझेल नाही. डिझेलच्या कूपनवर सही करणारे गृहस्थ गावी गेलेले. त्यांच्या जागी कोण सही करणार, पंपवाला उधारीवर देईल का, पंप उघडणार कोण, या भानगडीत जीप हलली ३.३५ ला. घाट उतरायच्या आत ती गेली.

सकाळी वरिष्ठ आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, ''बाई, उगाच ड्रायव्हर लटकेल, क्लार्क लटकेल, लेकराबाळांची माणसं आहेत. आली तेव्हाच गॅस्पिंग होती, शेवटचे श्वास घेत होती असं लिहा. वेळ ३.१० टाका.'' मी टाकली. एका आकड्याने सव्वादोन तासांची पंचवीस मिनिटं झाली.

जिल्ह्याच्या बैठकीत माझा कागद वाचला गेला. निष्कर्ष: नातेवाइकांनी रुग्णास उशिरा आणले. उपाय: समाजप्रबोधन. आणि खरोखर, सरकारी खर्चाने एक कलापथक त्या पाड्यावर गेलं. भर पावसात, काळोखात, डोंगरावरून दोन तास झोळी वाहून आणलेल्या त्या चार माणसांना ढोलकी वाजवून सांगण्यात आलं की बाईला वेळेवर दवाखान्यात न्या.

पुढचं सांगायला जड जातं. चौदा महिन्यांनी त्याच आवारात, त्याच जीपसाठी, त्याच कूपनावाचून दुसरी एक बाई खोळंबली. तिला झटके येत होते. मी तेव्हा रजेवर होते. तिला मी मारलं असं मी म्हणणार नाही, कुणाला म्हणूही देणार नाही. कूपनची पद्धत माझी नव्हती, आणि डिझेलचं मी तोंडी चार वेळा सांगितलं होतं. तोंडी. कागदावर एकदाही नाही. कागदावर तर डिझेल संपलंच नव्हतं, कारण माझ्या कागदात डिझेल संपायला वेळच शिल्लक नव्हता.

तेव्हापासून जिल्ह्यात मला मागे 'घड्याळवाली बाई' म्हणायचे. म्हणोत.

आता तुझ्याकडे येते. या बैठकीला तू परीक्षा समजतो आहेस. काय विचारतील, काय उत्तर देऊ, कुठला प्रोटोकॉल पाठ करू. अरे, पाठांतराला तिथे कुणी मार्क देत नाही. ती समिती एकाच कामासाठी बसते: ही बाई कुठल्या क्षणी वाचू शकली असती, आणि पुढची बाई त्याच क्षणावर आली तर तिथे काय वेगळं असायला हवं. क्षण म्हटलं की वेळ आली. तीन विलंब तू एमबीबीएसला पाठ केले असशील: घरी निर्णय घ्यायला झालेला, दवाखान्यात पोचायला झालेला, आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला झालेला. थॅडियस आणि मेन या दोघींनी १९९४ साली ही मांडणी केली आणि आज आपले सगळे फॉर्म तिच्यावर उभे आहेत. पण मी समितीवर होते तेव्हा काय बघितलं सांगू? पहिल्या विलंबाच्या रकान्यात भरभरून लिहिलेलं असतं, दुसऱ्यात थोडं, तिसरा कोरा. कारण पहिला विलंब मेलेल्या बाईच्या घरच्यांचा असतो आणि ते बैठकीला नसतात. तिसरा आपला.

हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर मातामृत्यूच्या तपासाची केंद्र सरकारची २०१० ची मार्गदर्शिका आली तेव्हा तिच्यात दवाखान्यातला तपास वेगळा आणि घरी जाऊन करायचा तपास वेगळा ठेवला. २०१७ च्या सुधारित आवृत्तीतही ते कायम आहे. त्याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांसमोरच्या आढाव्यात बाईच्या शेवटच्या प्रवासात सोबत असलेल्या नातेवाइकांना बोलवायची तरतूद आहे. मी एकदा असा आढावा पाहिला. बाईचा नवरा उभा राहिला. कागदावर होतं, 'रुग्णास पहाटे ५ वाजता दाखल केले.' तो म्हणाला, ''साहेब, आम्ही पोचलो तेव्हा आवारात शेवटची एसटी लागत होती.'' शेवटची मुक्कामी एसटी रात्री साडेदहाला येते हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही बोललं नाही. माणसाकडे घड्याळ नव्हतं, वेळ मात्र होती.

म्हणून तुला हातची एक गोष्ट देते, ती कुठल्या मार्गदर्शिकेत नाही. तालुक्याची टीम व्हर्बल ऑटोप्सीला, म्हणजे घरच्यांना विचारून मृत्यूचं कारण शोधायला, त्या घरी जाईल तेव्हा त्यांना सांग, 'किती वाजले होते' असं विचारू नका. तसं विचारलं की लोक गोंधळतात किंवा तुम्हाला बरं वाटेल ते सांगतात. जेवणं झाली होती का, टीव्हीवर काय चालू होतं, लाइट होती का, एसटी गेली होती का, ते विचारा. आणि सगळ्यात मोठं: फोनचा कॉल लॉग. आशाताईचा, नवऱ्याचा, दिराचा. किती वाजता आशाला फोन केला, किती वाजता गाडीला, किती वेळा केला, कितव्यांदा लागला, सगळं तिथे मिनिटासकट असतं. ते पुसलं जायच्या आत बघा. माझ्या वेळी ही सोय असती तर... असो. आणि दुसरं, त्या घरात तू स्वतः जाऊ नकोस. सांत्वनाला जायचं तर नंतर जा, एकटा जा. ज्याने बाळंतपण केलं तोच वही घेऊन समोर बसला तर कुठला सासरा खरं सांगेल?

मृत्यू कळायचीसुद्धा एक वेळ असते. पंधरा ते एकोणपन्नास वयाची कुठलीही बाई गावात गेली की आशाने कळवायचं असतं, गरोदर होती की नव्हती हे नंतर ठरवायचं. का? कारण विषबाधा म्हणून, पोटदुखी म्हणून, 'तोडीला गेली होती, तिकडेच वारली' म्हणून किती माता कुठल्याच यादीत येत नाहीत. आमच्या भागातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात; बाळंतपण एका राज्यात, मृत्यू दुसऱ्या राज्यात, आणि मग दोन्हीकडचे दप्तरी 'ही आमच्या हद्दीतली नाही' म्हणतात. नियमाप्रमाणे गरोदरपणात आणि गर्भपात किंवा बाळंतपण झाल्यापासून ४२ दिवसांच्या आत, त्याच्याशी निगडित कारणाने झालेला मृत्यू तो मातामृत्यू. अपघात वगळून. अमेरिकेत राज्याराज्यांत अशाच समित्या आहेत, २०१८ साली त्यांच्यासाठी केंद्रीय कायदाही झाला. त्या मात्र बाळंतपणानंतर वर्षभरातल्या मृत्यूंपर्यंत मागोवा घेतात. त्यामुळे बाळ पाच महिन्यांचं असताना आत्महत्या केलेली आई त्यांच्या टेबलावर येते. आपल्या टेबलावर येत नाही. मला हे नेहमी खुपत आलंय. २०१७ ते २०१९ या काळातले ३६ राज्यांमधले मृत्यू त्यांनी तपासले तेव्हा गरोदरपणाशी निगडित मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक टाळता येण्याजोगे निघाले. एवढी यंत्रं, एवढा पैसा असलेल्या देशात. तेव्हा आपल्याकडे साधनं नाहीत म्हणून बाया मरतात, ही पळवाट मला सांगू नकोस.

तू सांगितलं नाहीस, पण पुढे सांगशील. सगळे सांगतात.

साधनांचं बोलायचं तर तुझ्या केंद्रात त्या रात्री गर्भाशय आवळून धरणारं ऑक्सिटोसिन होतं, बरोबर? फ्रिजमध्ये होतं की ट्रेमध्ये? ते दोन ते आठ अंशांत ठेवायचं औषध आहे. उन्हाळ्यात ट्रेवर पडलेली कुपी टोचली की आपण औषध दिलं असं आपल्याला वाटतं, गर्भाशयाला वाटत नाही. रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड होतं? दिलं असेल तर किती वाजता? २०१७ साली एकवीस देशांतल्या वीस हजारांवर बायकांवरचा मोठा अभ्यास आला. रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, उशीर झाला की उपयोग राहत नाही, असं त्यातून दिसलं. म्हणजे 'इंजेक्शन दिले' एवढ्या नोंदीला काही अर्थ नाही. किती वाजता? रक्त किती गेलं हेही तसंच. 'भरपूर' म्हणजे काय? भिजलेले कपडे वजनकाट्यावर ठेव, कोरड्याचं वजन वजा कर, एक ग्रॅमला साधारण एक मिली. बाळाचा काटा तिथे असतोच. आणि हेही किती वाजता मोजलं ते लिही.

तुला वाटेल बाईला घड्याळाचं वेड लागलंय. लागलं आहेच.

समितीचं सांगते. एका बैठकीत कधी सात-आठ मृत्यू असतात, दोन तासांचा वेळ, मधे चहा. स्लाइडवर नाव नसतं, नसावंच: 'केस क्रमांक ३, वय २३, दुसरी खेप'. मृत्यूचं कारण वाचलं जातं, कोणीतरी विचारतं 'टाळता येण्याजोगा होता का', कोणीतरी म्हणतं 'होता', आणि मग शिफारस. इथे सगळं घसरतं. 'संबंधितांना सूचना देण्यात आल्या.' 'कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण घ्यावे.' 'जोखमीच्या मातांची यादी अद्ययावत ठेवावी.' इतिवृत्तं काढून बघ, दर वेळी तीच तीन वाक्यं. मी शेवटची सहा वर्षं एक हट्ट धरला होता: ज्या शिफारशीत कोण करणार आणि कुठल्या तारखेपर्यंत हे नाही, त्या इतिवृत्तावर मी सही करणार नाही. एकदा नाही केली. त्या वर्षी माझी बदली झाली. दोन्हींचा संबंध होता असं मी कधी म्हटलं नाही, आताही म्हणत नाही.

पण त्या हट्टातून झालं ते ऐक. एका केंद्रात झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस मिळायला पन्नास मिनिटं लागली होती. सगळे म्हणत होते, सिस्टरला डोस आठवला नसेल, प्रशिक्षण घ्या. मी विचारलं, झटका किती वाजता, डोस किती वाजता, मधे काय झालं मिनिटागणिक सांगा. तेव्हा ती मुलगी रडत म्हणाली, डोस पाठ होता, कपाटाची चावी फार्मासिस्टकडे होती आणि तो गावात राहतो. पन्नास मिनिटं म्हणजे सायकलने जाऊन-येऊन चावी. तिला पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं असतं तर काय शिकवलं असतं, जोरात सायकल मारायला? शिफारस लिहिली: तातडीच्या औषधांचा ट्रे कुलपाबाहेर, लेबर रूममध्ये, पंधरा तारखेच्या आत, सगळ्या केंद्रांत, टीएचओंनी, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी, स्वतः बघून कळवायचं. झालं. पैसा लागला नाही. त्या ट्रेमुळे कोण वाचलं त्याची नोंद कुठेच नसते. या कामात तेवढं सोसावं लागतं. मेलेल्यांची यादी मिळते, न मेलेल्यांची मिळत नाही.

केरळचं तुला माहीत असावं. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून मातामृत्यूंची गोपनीय छाननी सुरू केली. नावं पुसलेले कागद, डॉक्टर कोण, दवाखाना कुठला हे छाननी करणाऱ्यालाही कळू नये अशी व्यवस्था. मूळ कल्पना इंग्लंडची. तिथे १९५२ पासून हे अखंड चालू आहे. छाननीत दिसलं त्यावरून केरळमध्ये रक्तस्रावाच्या प्रशिक्षणापासून उपचारांच्या मानकांपर्यंत गोष्टी ठरल्या. जन्म-मृत्यूंच्या सरकारी नमुना नोंदणीच्या २०१८ ते २०२० च्या आकड्यांत केरळचा मातामृत्यूदर लाख जिवंत जन्मांमागे १९ आहे, आपल्या महाराष्ट्राचा ३३, देशाचा ९७. आपणही कमी केलं, नाही असं नाही. २००१ ते २००३ ला आपण १४९ वर होतो. पण राज्याच्या ३३ मध्ये आपला डोंगर दिसत नाही. सरासरी पुण्या-मुंबईची असते, झोळी आपल्याकडे असते.

आता तुझी खरी भीती. तू ती उच्चारली नाहीस, मी उच्चारते. खरी वेळ लिहिली तर नोटीस येईल का?

येऊ शकते. मार्गदर्शिका सांगते की हा तपास दोष ठरवण्यासाठी किंवा शिक्षेसाठी नाही. मी ते वाक्य बैठकीत मोठ्याने वाचून दाखवायचे. तरीही त्याच आठवड्यात कारणे दाखवा नोटीस निघालेली मी पाहिली आहे, आणि ती जवळजवळ नेहमी सिस्टरला किंवा आशेला निघते. डॉक्टरला क्वचित. डिझेलच्या कूपनला कधीच नाही. तेव्हा तुला काही होणार नाही असं आश्वासन मी देत नाही. खोटं आश्वासन दिलं तर तू मला या पत्रासकट फेकून द्यावंस.

पण समजा, तू २.१० लिहिलंस. मग कागद काय म्हणतो? निरोप गेला, डॉक्टर पाच मिनिटांत हजर, सगळं वेळेवर, तरी बाई गेली. म्हणजे काय, गाडी उशिरा आली? की सिस्टरने रक्तस्राव उशिरा ओळखला? कोणीतरी बोट दाखवणारच, आणि ते त्या सिस्टरकडे वळेल. तुझी पस्तीस मिनिटं तू खोडलीस तर ती नाहीशी होत नाहीत, दुसऱ्याच्या अंगावर जाऊन पडतात. माझी एकशे दहा त्या झोळीवाल्यांच्या अंगावर पडली होती.

आणि मुळात ती पस्तीस मिनिटं तुझी एकट्याची आहेत हे कुणी सांगितलं? मी परवा त्या सिस्टरला फोन केला. रागावू नकोस, माझी जुनी विद्यार्थिनी आहे. २.०५ ला तिने तुला फोन लावला. क्वार्टरमध्ये रेंज नाही. पाच वेळा लावला. बाईला सोडून ती जाऊ शकत नव्हती, एक हात पोटावर, दुसऱ्यात फोन. मावशी रात्रपाळीला नाहीत, पद रिकामं आहे. शेवटी नातेवाइकांतल्या एका पोराला टॉर्च देऊन पाठवलं, तो आधी चुकीच्या क्वार्टरवर गेला. तुझ्या दारावर थाप पडली २.३० च्या सुमारास. तू दहा मिनिटांत आलास. म्हणजे 'निरोप दिला' आणि 'निरोप मिळाला' या दोन वेगळ्या वेळा आहेत आणि नोंदीत तो एकच शब्द आहे, 'निरोप'. ती पंचवीस मिनिटं रेंजची, रिकाम्या पदाची आणि पाटी नसलेल्या क्वार्टरची आहेत. तुझी दहा. ती दहा मिनिटं का लागली ते मात्र तूच सांगायचंस. सरळ सांग. झोपेतून उठलो, चप्पल शोधली, घाबरलो, काय असेल ते. माणूस झोपतो. समितीला ते कळतं. कळत नसेल तर त्यांना कळायला हवं.

कागदाचं तंत्र एवढंच: जुन्या नोंदीला हात लावू नकोस. खोडू नकोस, वरून गिरवू नकोस, पान बदलू नकोस. काही राहिलं असेल तर खाली आजची तारीख, आजची वेळ टाकून 'उशिरा केलेली नोंद' असं लिही आणि सही कर. सिस्टरनेही तसंच करावं, स्वतःच्या शब्दांत. तू तिला सांगायला जाऊ नकोस, ती तुझ्या हाताखालची आहे. तुझं सांगणं तिला हुकूम वाटेल. मी बोलले आहे.

बुधवारी रात्री दोन वाजता क्वार्टरमधून निघ आणि लेबर रूमपर्यंत चालत जा, घड्याळ लावून. दिवसा नको, रात्रीच. टॉर्च असेल तर टॉर्च, नसेल तर अंधारात. किती मिनिटं लागली, रेंज कुठल्या पायरीवर येते, दार आतून कोण उघडतं, ते टिपून आण. गुरुवारी स्लाइड वाचून दाखवायच्या आधी तो चिठोरा वाच. मग शिफारस तूच माग: लेबर रूममधून क्वार्टरमध्ये वाजणारी विजेची घंटा. तारेसकट फार तर हजार-दीड हजारात होते, रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून बसते. कोण बसवणार, किती तारखेपर्यंत, तेही त्याच वाक्यात घाल. नाही घातलंस तर इतिवृत्तात 'संबंधितांना सूचना' होऊन जाईल आणि तुझी घंटा तिथेच गेली.

बैठक संपल्यावर एसटी स्टँडवर ताटकळत बसू नकोस, घरी ये. भाकरी-ठेचा असेल. आणि बैठकीत कुणी विचारलं की हे घंटेचं खूळ डोक्यात कुणी भरवलं, तर बिनधास्त माझं नाव सांग. त्यांना सवय आहे.

तुझी,
मॅडम